प्रमेहातील औषधसातत्य : उणीव रुग्णाची की आपलीही?

वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रुग्ण हे चिकित्सेचे चार पाद आपण सर्वांनी विद्यार्थिदशेतच पाठ केले आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात या प्रत्येकाचे चार-चार गुण सांगितले आहेत. रुग्णाच्या गुणांत स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व यांची गणना होते. सांगितलेले लक्षात ठेवणे, त्याप्रमाणे वागणे, न घाबरणे आणि आपणांस काय होते ते वैद्यास नीट सांगणे, असा त्यांचा अर्थ. मधुमेहाचे रुग्ण औषधे नियमित घेत नाहीत, अशी तक्रार आपल्या बैठकींतून निघते, तेव्हा बोट बहुधा यांतील दुसऱ्या गुणाकडे जाते. रुग्ण ऐकतच नाही, असे म्हणून विषय संपतो. आमचेही मत कित्येक वर्षे असेच होते. ते बदलण्यास जो प्रसंग कारण झाला तो प्रथम सांगून मग पुढील विवेचन करावे, असे वाटते.

लोणंदच्या कांदा बाजारात हमाली करणारे एक गृहस्थ आमच्याकडे तळपायांच्या जळजळीसाठी आले. वय पन्नाशीच्या पुढे, मधुमेह सुमारे आठ वर्षांचा. दुसऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू होते. आम्ही निशा-आमलकी चूर्ण दिले, तळपायांस अभ्यंग सांगितला, पथ्य समजावले. जळजळ कमी झाली, झोप लागू लागली, गृहस्थ समाधानी होते. दोन-तीन महिने ते आले, मग येईनासे झाले. पुन्हा आले ते उजव्या पायाच्या अंगठ्याची चिघळलेली जखम घेऊन. उपाशीपोटीची साखर तीनशेच्या वर होती. गोळ्यांविषयी विचारले, तेव्हा ते अगदी सरळपणे म्हणाले, ‘‘तुमची पावडर चालू झाली, मंग त्या गोळ्या कशाला? दोन-दोन औषधं एकदम नकोत म्हणून तवाच बंद केल्या की.’’

पुढे शहरातील रुग्णालयात त्यांचा अंगठा काढावा लागला. पाठीवर कांद्याच्या गोण्या वाहणे त्यानंतर जमले नाही. त्या रात्री आम्ही त्यांचा जुना केसपेपर काढून वाचला. गोळ्या बंद कराव्यात, असे आम्ही त्यावर कोठेही लिहिले नव्हते. चालू ठेवाव्यात, असेही लिहिले नव्हते. दुसऱ्या आणि तिसऱ्या भेटीत त्या गोळ्यांचा साधा उल्लेखही नव्हता. आम्ही विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. आमच्या मौनाचा त्यांनी जो अर्थ लावला, तो त्यांच्या जागी कोणीही लावला असता. रुग्णाच्या ज्ञापकत्वाची उणीव आम्ही कोणत्या तोंडाने काढावी?

या लेखात आम्हांस एवढेच मांडावयाचे आहे. मधुमेहाच्या रुग्णाची औषधे अखंड चालू राहतात की नाही, हे पाहणे आयुर्वेदीय चिकित्सकाचे कर्तव्य आहे. ती औषधे आपण लिहिलेली असोत वा दुसऱ्याने, आपल्या शास्त्रातील असोत वा आधुनिक, या कर्तव्यात फरक पडत नाही.

याप्य म्हणजे काय?

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात चिकटून राहणाऱ्या, म्हणजे अनुषंगी, व्याधींमध्ये प्रमेहास अग्रस्थान दिले आहे. वीस प्रमेहांपैकी दहा कफज ते साध्य, सहा पित्तज ते याप्य आणि चार वातज ते असाध्य, ही विभागणी आपणांस परिचित आहे. याप्य व्याधी चिकित्सा चालू असेपर्यंत आटोक्यात राहतो आणि ती थांबताच उसळतो. सुश्रुताचार्यांनी यासाठी मोडकळीस आलेल्या घरास दिलेल्या टेकूची उपमा योजली आहे. टेकू नीट बसला असेल तोवर घर उभे राहते. घर पडत नाही, तेव्हा आता टेकूची गरज नाही, असे म्हणून कोणी तो काढून घेत नाही. आमच्या रुग्णांची मोठी संख्या मात्र नेमके हेच करते. साखर ‘नॉर्मल’ आली की गोळी बंद होते.

औषधसातत्य हा विषय केवळ पाश्चात्त्य वैद्यकाचा आहे, असे मानण्याचे म्हणूनच कारण नाही. त्या वैद्यकाचा अनुभवही हेच सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली दीर्घकालीन उपचारांच्या पालनावर अहवाल प्रसिद्ध केला. विकसित देशांतही जुनाट आजारांचे जेमतेम निम्मे रुग्ण उपचार ठरल्याप्रमाणे घेतात, असे त्यात नोंदविले आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आहे. यांपैकी निम्म्यांचेच औषध अधूनमधून सुटते असे धरले, तरी पायाच्या जखमा, दृष्टिपटलाचे विकार, वृक्कविकार आणि हृद्रोग यांचे केवढे ओझे त्यातून तयार होत असेल, याची कल्पना सुज्ञ वाचकांनी करावी. इंग्लंडमधील मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली आले आणि त्याच रुग्णांचा पुढील दहा वर्षांचा वृत्तांत २००८ साली प्रसिद्ध झाला. आजाराच्या आरंभीच्या वर्षांत साखर चांगली राखली, तर तिचा लाभ पुढे अनेक वर्षे टिकतो, असे त्यातून दिसले. औषधे सर्वाधिक सुटतात ती याच आरंभीच्या वर्षांत, कारण तेव्हा त्रास काहीच नसतो.

औषध का सुटते?

आम्ही गेल्या काही वर्षांत प्रत्येक मधुमेही रुग्णास हा प्रश्न विचारू लागलो. उत्तरे ऐकल्यावर निष्काळजीपणा हे कारण फार थोड्यांच्या बाबतीत शिल्लक राहिले.

पहिले कारण, बरे वाटणे. ज्वर उतरला की औषध थांबवायचे, ही लहानपणापासूनची सवय. मधुमेहात वेदना नाही, म्हणून आजारही नाही. तपासणीच्या आधी दोन-चार दिवस गोळ्या घेऊन साखर चांगली आणणारेही पुष्कळ भेटतात. त्यांना एचबीए१सी चाचणीचा अर्थ सांगावा लागतो. तांबड्या रक्तपेशीचे आयुष्य सुमारे चार महिन्यांचे असते, त्यामुळे ही चाचणी मागील दोन-तीन महिन्यांचा हिशेब दाखविते. तेथे दोन दिवसांची तयारी उपयोगी पडत नाही. हे दटावून न सांगता हसत सांगितले, तर रुग्णही हसतो आणि खरे बोलू लागतो.

दुसरे कारण, भीती. ‘गोळ्यांची सवय लागते’, ‘गोळ्यांनी किडनी जाते’ ही वाक्ये आमच्या भागात घरोघरी ऐकू येतात. खेदाने लिहावे लागते की, ती पसरविण्यात आपल्यापैकी काहींचाही वाटा आहे. मूत्रपिंडाची हानी प्रामुख्याने अनियंत्रित साखर आणि रक्तदाब यांमुळे होते. मूत्रपिंड आधीच दुर्बल झाले असेल, तर मेटफॉर्मिनसारख्या काही औषधांची मात्रा कमी करावी लागते किंवा ती थांबवावी लागतात. म्हणून वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासून घ्यावे. भीतीवर उपाय तपासणी हा आहे. गोळी बंद करणे हा उपाय नव्हे.

तिसरे कारण, पैसा आणि मजुरी. रोजंदारीवर जगणारा मनुष्य महिन्याच्या गोळ्या एकदम घेत नाही. पाच गोळ्या कापून नेतो, त्या संपतात त्या दिवशी हाती पैसे नसतात. ऊसतोडीच्या टोळ्या हंगामात पाच-सहा महिने घराबाहेर राहतात. गावी चालू असलेले औषध फडात मिळत नाही आणि जुनी चिठ्ठी हरवलेली असते.

चौथे कारण स्त्रियांच्या बाबतीत विशेष दिसते. सासऱ्यांच्या गोळ्या वेळेवर देणारी सून स्वतःची गोळी विसरते. सर्वांचे झाल्यावर ती जेवते आणि जेवणाला वेळ नाही तेथे गोळीला कोठून असणार? अशा स्त्रीस ‘तुम्ही लक्ष देत नाही’ असे म्हणणे हा अन्याय आहे.

पाचवे कारण, औषधाचा त्रास. मेटफॉर्मिन सुरू केल्यावर आरंभी काहींना मळमळ, गॅस, जुलाब होतात. ते जेवणासोबत घेतल्याने, मात्रा हळूहळू वाढविल्याने बहुतेकांचे निभावते. पण रुग्ण ते सांगत नाही, गुपचूप बंद करतो. विचारले तरच कळते.

सहावे कारण आपल्या टेबलावरचे आहे. आधुनिक औषधांच्या चार गोळ्या चालू असलेल्या रुग्णास आपण सकाळ-संध्याकाळ चूर्ण, दोन प्रकारच्या वटी, काढा आणि आसव लिहून देतो. दिवसात दहा वेळा औषध घेणारा मनुष्य आम्ही अद्याप पाहिलेला नाही. त्यांतील काहीतरी सुटणार, हे निश्चित. काय सुटावे, हे मग रुग्ण स्वतःच ठरवितो. चार कल्पांपैकी खरोखर आवश्यक तेवढे एक-दोन ठेवण्याचा संयम आपण दाखविला पाहिजे.

वैद्याने काय करावे?

औषध कधी घ्यावे याचा विचार आपल्या शास्त्राइतका बारकाईने क्वचितच कोणी केला असेल. प्राग्भक्त, मध्यभक्त, अधोभक्त इत्यादी औषधसेवनकाल भोजनाशी बांधलेले आहेत. घड्याळ नसलेल्या घरातही भाकरी होतेच, म्हणून भोजनाशी बांधलेले औषध लक्षात राहते. ‘सकाळी आठ आणि रात्री आठ’ असे लिहिण्यापेक्षा ‘न्याहारीच्या ताटावर बसण्यापूर्वी’ आणि ‘रात्रीच्या भाकरीसोबत’ असे सांगावे. ग्लिमेपिराइड दिवसाच्या पहिल्या मुख्य जेवणाच्या अलीकडे किंवा त्यासोबत, मेटफॉर्मिन जेवणासोबत, ही त्यांची सर्वसाधारण पद्धत प्राग्भक्त आणि सभक्त या आपल्या संज्ञांत सहज बसते. ज्याची सकाळ बाजार समितीत पहाटे सुरू होते त्याची न्याहारी कधी असते, हे मात्र आधी विचारून घ्यावे.

प्रश्न विचारण्याची रीतही महत्त्वाची आहे. ‘गोळ्या नियमित घेता ना?’ या प्रश्नास ‘होय’ याखेरीज दुसरे उत्तर मिळत नाही. ‘कामाच्या गडबडीत गोळी राहतेच. गेल्या आठवड्यात किती वेळा राहिली?’ असे विचारल्यास रुग्ण बोटांवर मोजून सांगतो. प्रत्येक भेटीत घरातील सर्व औषधे पिशवीत घालून आणावयास सांगावीत. शिल्लक गोळ्या मोजल्या की बरेच कळते. कधी एकाच औषधाच्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्या एकत्र चालू असल्याचेही उघड होते.

राहिलेली गोळी पुढच्या वेळी दुप्पट करून घेऊ नये, हे प्रत्येकास बजावावे. विशेषतः ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना दुप्पट मात्रा घेतल्यास किंवा जेवण टळल्यास साखर एकदम उतरते. घाम, थरथर, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी अशी लक्षणे दिसताच तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि थोड्या वेळाने काही खावयास द्यावे. हे घरातील माणसांनाही ठाऊक हवे. मेथी, मधुनाशिनी, विजयसार यांसारखी साखर उतरविणारी द्रव्ये आपण अशा गोळ्यांसोबत देत असू, तर साखर मोजत राहण्याची जबाबदारी आपली आहे.

एक गोष्ट निक्षून सांगावयाची आहे. लहान वयात मधुमेह झालेल्या, इन्सुलिनवरच जगणाऱ्या रुग्णाचे इन्सुलिन कोणाच्याही सल्ल्याने बंद करू नये. काही दिवसांतच अशा रुग्णाच्या जिवावर बेतते. मूल बरे करून देतो, असे म्हणणाऱ्याकडे ते गेले असल्याचे कळल्यास आपण होऊन घरच्यांना बोलावून सावध करावे.

वारी आणि उपवास

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरेचे स्नान आटोपून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्काम करते. त्या दिवसांत आपल्यापैकी अनेक जण वारकऱ्यांची सेवा करतात. पायांचे फोड, अंगदुखी, जुलाब यांवर आपण औषध देतो. मधुमेही वारकऱ्यास ‘गोळ्या बरोबर आणल्या आहेत का?’ हेही याच रांगेत विचारावे. आळंदी ते पंढरपूर हा प्रवास सुमारे तीन आठवड्यांचा. निघताना पंधरा गोळ्यांची पट्टी घेतलेली असते आणि वाटेत ती संपते. काही जण माउली सांभाळील म्हणून गोळ्या घरीच ठेवतात. रोज पायी चालण्याने साखर मुळात उतरते, हेही खरे आहे. म्हणून निघण्यापूर्वी नेहमीच्या डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घेणे, पूर्ण वारीच्या गोळ्या आणि खडीसाखर जवळ बाळगणे, अनवाणी न चालणे आणि रोज रात्री तळपाय पाहणे, एवढे सांगितले तरी पुष्कळ झाले.

उपवासाचे असेच. एकादशीस कोणी गोळी सोडतो, कोणी निरंकार राहून गोळी घेतो. पहिल्याची साखर साबुदाणा आणि रताळ्यांनी वाढते, दुसऱ्याची धोकादायक उतरते. उपवास करू नका, असे सांगून उपयोग नसतो. रुग्ण तो करतो आणि आपणांस सांगत नाही. त्याऐवजी कोणत्या उपवासास काय खाणार, हे आधी विचारून गोळीची वेळ आणि मात्रा त्याच्या डॉक्टरांशी बोलून ठरवावी.

औषध दुकानदार बंधूंस विनंती

रुग्ण आमच्याकडे दोन-तीन महिन्यांनी येतो, आपल्या दुकानात मात्र महिन्यातून दोन-तीनदा येतो. औषध सुटल्याचे प्रथम आपणांस कळते. एका वहीत नेहमीच्या मधुमेही गिऱ्हाइकांची नावे आणि गोळ्या संपण्याची तारीख लिहून ठेवावी. तारीख उलटली आणि मनुष्य आला नाही, तर एक फोन करावा. यास फारसा खर्च येत नाही आणि गिऱ्हाईकही जोडलेले राहते.

पट्टी कापून देताना नाव आणि मुदतीची तारीख असलेला भाग निघून जातो, म्हणून पाकिटावर औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि वेळ मराठीत लिहावी. वाचता न येणाऱ्यांसाठी सूर्य आणि चंद्र काढले तरी पुरे. दुसऱ्या कंपनीची गोळी देताना ‘रंग वेगळा आहे, औषध तेच आहे’ हे एक वाक्य आवर्जून बोलावे. या वाक्याअभावी जुनी आणि नवी अशा दोन्ही गोळ्या घेणारे, तसेच नवीन गोळीवर विश्वास न ठेवता ती डब्यात ठेवून देणारे रुग्ण आम्ही पाहिले आहेत. परवडत नसेल त्यास जेनेरिक पर्याय सांगावा. जनऔषधी योजना २००८ पासून आहे आणि महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार विनामूल्य आहेत. आपल्याच दुकानाचे गिऱ्हाईक कमी होईल, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. पण ज्याचे औषध परवडत नाही म्हणून बंद पडणार, ते गिऱ्हाईक तसेही आपले राहत नाही.

‘मधुमेह मुळापासून घालवा’ अशा फलकांविषयीही दोन शब्द. औषधे आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरील १९५४ च्या कायद्याच्या अनुसूचीत मधुमेहाचे नाव आहे. असा फलक दुकानात लावणे वा चिकित्सालयात टांगणे हा कायद्याचा भंग आहेच. शिवाय तो फलक वाचून जो मनुष्य आपल्या गोळ्या थांबवितो, त्याच्या पुढील हानीत आपणही भागीदार होतो.

एक आक्षेप

काही वैद्यबंधू विचारतील की, आधुनिक गोळ्यांचा प्रचार करणे हेच आता आयुर्वेदाचे कार्य काय? आक्षेप दुर्लक्षिण्यासारखा नाही. आधुनिक गोळ्या कमी व्हाव्यात, असे आम्हांसही वाटते आणि काही रुग्णांत ते घडते. चरकाचार्यांनी स्थूल व बलवान प्रमेही आणि कृश व दुर्बल प्रमेही असे दोन भेद करून पहिल्यास शोधन आणि दुसऱ्यास बृंहण सांगितले. स्थूल, नव्याने आजार झालेल्या रुग्णात वजन उतरविण्याचे फळ किती मोठे असते, हे ब्रिटनमधील अभ्यासातही दिसले. डिसेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आहारनियंत्रणाच्या गटातील ४६ टक्के रुग्णांची साखर वर्षाअखेरीस औषधांविना मधुमेहाच्या मर्यादेखाली होती. पण तेथे मोजमाप होते, देखरेख होती. औषध कोणी थांबविले आणि का, याची नोंद होती. आपणही आहार, व्यायाम, शोधन आणि शमन यांनी रुग्णाची अवस्था सुधारावी, एचबीए१सी पाहावे, मूळ डॉक्टरांना चिठ्ठी लिहावी आणि त्यांच्या संमतीने मात्रा उतरवावी. आयुर्वेदाचे सामर्थ्य अशा नोंदींतून सिद्ध होईल. रुग्णाने गुपचूप सोडलेली गोळी आपल्या यशाच्या खाती जमा करणे आपल्या शास्त्रास शोभणारे नाही.

शेवटी आपल्या संघटनेस एक सूचना. सभासदांच्या केसपेपरवर दोन रकाने कायमचे छापून घ्यावेत : ‘चालू असलेली इतर औषधे’ आणि ‘गेल्या आठवड्यात किती वेळा राहिली’. प्रत्येक भेटीत ते भरावेत आणि खाली ‘पूर्वीच्या गोळ्या चालू ठेवा’ हे शब्द रुग्णास दिसतील अशा अक्षरांत लिहावेत. आम्ही ते त्या हमाल गृहस्थांच्या प्रसंगानंतर सुरू केले. ते गृहस्थ अजून आमच्याकडे येतात. सध्या एका आडत्याच्या गाळ्यावर रात्रीच्या राखणीचे काम करतात. खुर्चीवर बसण्यापूर्वीच खिशातून प्लास्टिकची पिशवी काढून गोळ्यांच्या पट्ट्या टेबलावर मांडतात आणि आम्ही विचारण्याआधी म्हणतात, ‘‘डॉक्टर, या खेपेला एकच राहिली.’’ आम्ही तो आकडा रकान्यात लिहितो.